गोचीड अंगावर दिसते, राहते भिंतीत

भिलाईची टाऊनशिप संपते तिथून धानाच्या बांध्या सुरू होतात. वडील पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी भंडारा जिल्ह्यातून इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. मी अंजोऱ्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पाटण, धमधा, उतई या बाजूच्या खेड्यांत गुरांचा दवाखाना सांभाळण्यात माझी नोकरीची वर्षं गेली.

गावात गाय आजारी पडली की धनी दोन प्रश्न विचारतो. कोणती सुई देणार आणि खर्च किती येणार? हा रोग हिच्यापर्यंत आणला कोणी, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझं बहुतेक काम या तिसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरलं. गोचीड, गोमाशी, चावऱ्या माश्या, चिलटं, उंदीर, मोकाट कुत्री आणि ज्यांच्यावर सगळ्यात आधी ठपका येतो ती रानातली जनावरं, यांच्याबद्दल जे कळत गेलं ते इथे क्रमाने मांडते आहे. त्याचं सार एवढंच की रोग पसरवणाऱ्या जिवाच्या मागे लागण्याआधी त्याचं घर शोधा. ते घर बहुतेक वेळा आपल्याच आवारात निघतं.

१. तापाचं नाव कळल्याशिवाय फवारा उचलू नका

संकरित गाईला १०५-१०६ अंश ताप, खांद्यापुढची गाठ सुजून लिंबाएवढी झालेली, पापणी उलटली तर आतून पांढुरकी. हा गोचीडताप, म्हणजे थायलेरिया. ताप आहे आणि लघवी लालसर-काळी होते आहे, तर बबेसिया. म्हैस गोल गोल फिरते, भिंतीला डोकं टेकून उभी राहते, ताप येतो आणि जातो, तर सर्रा. धडधाकट गाय एकाएकी लंगडू लागली, थरथरू लागली आणि तिसऱ्या दिवशी उठून चारा खाऊ लागली, तर तिवा. धन्याच्या लेखी हे चारही ताप सारखेच असतात. ते आणणारे मात्र वेगळे. पहिले दोन गोचीड आणते, सर्रा गोमाशी आणते, तिवा चिलटं आणि डास आणतात. गोमाशी बांधीच्या आणि तळ्याच्या ओल्या काठावर वाढते. सर्रा झालेल्या म्हशीसाठी गोठ्याच्या भिंती कितीही रंगवल्या तरी त्या गोमाशीला काही होत नाही.

म्हणून रक्त तपासावं. कानाच्या कडेची शीर टोचायची, थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ ओढायचा, वाळवायचा आणि गीम्सा रंगात ठेवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीत बारीक अंगठी किंवा स्वल्पविरामाएवढा ठिपका दिसला तर थायलेरिया. टोकाशी जुळलेली, एकीकडे निमुळती अशी जोडी दिसली तर बबेसिया. या पट्टीला खर्च फारसा येत नाही आणि तिच्यामुळे चुकीच्या औषधाचे पैसे वाचतात.

गोचीड-माशी रोग आणते हे ज्ञान गुरांच्या रोगातूनच आलं. अमेरिकेत गुरांना लाल लघवीचा ताप यायचा. तो गोचिडीतून पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ साली प्रयोगाने सिद्ध केलं. डास आणि मलेरियाचं नातं रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवलं ते १८९७ साली, म्हणजे त्याच्यानंतर. रक्त पिणारा जीव रोग वाहून नेतो हे माणसाला पहिल्यांदा पक्कं कळलं त्यात गाईगुरांचा वाटा एवढा मोठा आहे.

२. गोठ्याची भिंत रात्री तपासा

आपल्याकडे दोन जातींच्या गोचिड्यांशी मुख्य गाठ पडते. बबेसिया आणणारी गोचीड लहानाची मोठी एकाच जनावराच्या अंगावर होते. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. पोट भरलेली मादी खाली पडते, ओलसर आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. त्यातून निघालेली पिल्लं गवताच्या पात्यावर चढून जनावराची वाट पाहतात. काही न खाता ती महिनोन्‌महिने जगू शकतात. बबेसियाचा परजीवी आईकडून अंड्यात उतरतो, त्यामुळे यातली काही पिल्लं रोग घेऊनच जन्मतात.

थायलेरिया आणणारी दुसरी जात गोठ्यातच मुक्काम करते. रक्त पिऊन झालं की ती खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे शिरून कात टाकते. आयुष्याचा मोठा भाग ती जनावराच्या अंगाबाहेर काढते. गाईच्या अंगावर आज दहा गोचिड्या दिसत असतील तर भिंतीत किती असतील याचा अंदाज धन्याला नसतो.

मी लोकांना सांगते की रात्री बॅटरी घेऊन कोठ्यात जा आणि गव्हाणीजवळच्या भेगेत सुरीचं पातं फिरवा. राखी-तपकिरी रंगाचे घोसच्या घोस खाली पडतात. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की वेगळं पटवावं लागत नाही. भेगा मातीने नाहीतर सिमेंटने बुजवायच्या, चुना द्यायचा, वर्षाचा अडगळीचा ढीग हलवायचा. पक्की भिंत असेल आणि वर गवताचं छप्पर नसेल तर जनावरं बाहेर काढून फ्लेम गनची ज्योत भेगांवरून फिरवायची. धमध्याकडच्या एका वस्तीत बायकांनी उन्हाळ्यात हे एवढं काम नेटाने केलं. पुढच्या पावसाळ्यात तिथून गोचीडतापाचे निरोप येणं जवळपास थांबलं.

३. गोचीड लवकर काढली तर रोग अडतो

बिगारी वाटणाऱ्या या कामामागे एक बारीक हिशेब आहे. थायलेरियाची गोचीड चावल्या चावल्या रोग देत नाही. ती रक्त पिऊ लागली की तिच्या लाळग्रंथीत परजीवी तयार होऊ लागतो आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी ती निघाली तर बहुतेक वेळा जनावर वाचतं. म्हणून महिन्यातून एकदा मोठी मोहीम काढण्यापेक्षा रोज धार काढताना हात फिरवणं जास्त कामाचं. कानाची आतली बाजू, गळ्याखालची पोळी, कास, मांडीचा सांधा आणि शेपटीचं मूळ, या पाच जागा पाहाव्यात.

काढलेली गोचीड नखाने चिरडू नये, चुलीच्या राखेत टाकून सोडू नये. डबीत रॉकेल घातलेलं पाणी ठेवावं आणि तिच्यात टाकावी. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी घालावी. ही भीती पोकळ नाही. गोचिडीतून माणसाला होणारा क्रायमियन-काँगो ताप भारतात पहिल्यांदा २०११ साली गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात सापडला. त्यात रुग्णाची शुश्रूषा करणारे दवाखान्यातले लोकही दगावले. गुरांवर प्रेम करणाऱ्या माणसाने आपलाही जीव सांभाळावा.

४. औषध बुचाने मोजू नका

डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ, आयव्हरमेक्टिन ही नावं आता प्रत्येक किराणा दुकानात माहीत असतात. वापराची रीत मात्र दुकानासोबत येत नाही. कोणी बादलीत अंदाजे एक बूच टाकतो, कोणी पाठीवरून दोन हात फिरवून मोकळा होतो. असं कमी औषध मिळालं की दुबळ्या गोचिड्या मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी चिवटांचीच होते. डेल्टामेथ्रिनला दाद न देणाऱ्या गोचिड्या आता देशातल्या कितीतरी राज्यांत सापडल्या आहेत.

लेबलावरचं माप मापकानेच घ्यावं. जनावराला आधी भरपूर पाणी पाजावं, म्हणजे ते अंग चाटत नाही. भर उन्हात फवारू नये. केसांच्या उलट दिशेने फवारावं, कान, पोळी, कास, शेपटीखाली आणि खुरांच्या बेचक्यात विसरू नये. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी पाळी द्यावी, कारण पहिल्या वेळी अंडी वाचलेली असतात. एक औषध चालेनासं झालं तर त्याचंच माप वाढवू नये, डॉक्टरला विचारून दुसऱ्या गटातलं घ्यावं. दुभत्या गाईला कोणतंही औषध देण्याआधी दूध किती दिवस वापरायचं नाही हे विचारून घ्यावं. ते दूध आपल्याच लेकरांच्या पोटात जातं.

पिकावरचं कीटकनाशक गुरांवर कधीच मारू नये. विदर्भातल्या माणसाला याचं कारण सांगावं लागू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले. माणसाला ज्याने मरण येतं ते जनावराच्या कातडीतूनही आत जातं. गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडण्याची चालही आमच्या भागात आहे. त्याने कातडी भाजते आणि जनावर ते चाटून आजारी पडतं.

५. शेणाचा दिवस ठरवा

उन्हाळी-पावसाळी दिवसांत माशीचं अंडं शेणात पडल्यापासून उडणारी माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. चावरी माशी, जी गाईच्या पायांना डसते आणि गाय सारखी पाय आपटते, ती मूत-शेण मिसळून कुजलेल्या तणसात वाढते. या दोघींचं घर मोडायला औषध लागत नाही, कॅलेंडर लागतं. आठवडा भरायच्या आत शेण गोठ्यापासून दूर गेलं पाहिजे, घुरव्यावर, म्हणजे खताच्या खड्ड्यावर, मातीचा थर पडला पाहिजे आणि गव्हाणीखालचं ओलं तणस रोज उचललं गेलं पाहिजे. बायोगॅस असेल तर फारच चांगलं. गोठ्यात उतार आणि मुतासाठी नाली नसेल तर बाकीची मेहनत वाया जाते.

छत्तीसगड सरकारने २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाच्या दिवशी, दोन रुपये किलोने शेण घ्यायला सुरुवात केली. पुढे ती खरेदी थांबली. तिच्यामागचं राजकारण बाजूला ठेवू. मी पाहिलं ते असं की शेणाला भाव आला तसं ते आवारात पडून राहीना. घरातली म्हातारी माणसं सकाळीच टोपली भरून गौठानात, म्हणजे गावच्या गुरांच्या आवारात, नेऊ लागली. त्या दिवसांत कोठ्यातल्या माश्या कमी झाल्या. उपदेशाने जे होत नाही ते चार पैशांनी होतं. भाव आपण गावातही देऊ शकतो. गांडूळखत करणाऱ्या बचत गटाला शेण ठरल्या दराने दिलं तरी तोच परिणाम साधतो.

६. माशी शिवारात फिरते, लांबचा रोग माणूस आणतो

लंपी चर्मरोग भारतात २०१९ साली ओडिशात दिसला. २०२० मध्ये तो आमच्याकडे आणि विदर्भात आला. २०२२ मध्ये तो पश्चिम भारतात वणव्यासारखा पसरला आणि देशात लाखाहून अधिक जनावरं मेली. महाराष्ट्रात त्या वर्षीची सुरुवात ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून झाली. अंगभर गाठी, पायांना सूज, त्या गाठी फुटून पडलेल्या जखमा आणि त्यांवर बसलेल्या माश्या हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत.

लंपीचा विषाणू चावऱ्या माश्या, डास आणि गोचिड्या नेतात. पण त्यांची झेप गावापुरती, फार तर शेजारच्या गावापर्यंत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तो गेला तो गुरांच्या बाजाराने आणि ट्रकने. त्यामुळे बाजार बंद करणं आणि माश्या आवरणं ही दोन्ही कामं एकदमच करावी लागली. त्यांच्या जोडीला शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने तयार केलेली लंपी-प्रोव्हॅकइंड ही खास लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली.

त्यातून गावाने घ्यायचा धडा सोपा आहे. विकत आणलेलं जनावर पहिले तीन आठवडे वेगळं बांधा. आजारी जनावराला मच्छरदाणीखाली ठेवा. त्याच्या जखमा रोज धुवा आणि त्यांवर माशी बसणार नाही असं मलम लावा. एका जनावराची सुई दुसऱ्याला लावू नका. त्या सुईने डॉक्टरच माशीचं काम करतो.

७. जंगलाकडे बोट दाखवण्याआधी गावाची शीव पाहा

‘ये रोग जंगल ले आथे, मॅडम,’ हा रोग जंगलातून येतो, असं मला कितीतरी कका-बबांनी सांगितलं. रानडुकरं शेत उकरतात, नीलगाई पीक खातात, त्यामुळे रोगाचा संशयही त्यांच्यावर जातो. हे दुःख खोटं नाही. पण रोगाच्या बाबतीत या संशयावर विसंबून केलेली कामं कशी उलटतात ते जगाने पाहिलं आहे.

ब्रिटनमध्ये गाईंचा क्षय बॅजर नावाच्या प्राण्यातून पसरतो म्हणून १९९८ ते २००५ या काळात एक मोठा शास्त्रीय प्रयोग झाला. सुमारे ११,००० बॅजर मारले गेले. मारलेल्या भागात रोग थोडा घटला, पण उरलेले बॅजर सैरभैर होऊन दूरवर फिरू लागले आणि आजूबाजूच्या गोठ्यांत तो वाढला. मारण्याने या रोगाच्या नियंत्रणाला म्हणावा असा हातभार लागणार नाही, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या समितीने २००७ साली दिला. तिथला वाद अजून मिटलेला नाही. आफ्रिकेत त्सेत्से माशीला रक्त मिळू नये म्हणून विसाव्या शतकात लाखो रानटी जनावरं गोळ्या घालून मारली. माशी कायमची गेली नाही. झांझिबारच्या उंगुजा बेटावर गुरांवर औषध लावून आणि प्रयोगशाळेत वांझ केलेल्या नर माश्या सोडून काम केलं, तेव्हा ते बेट १९९७ साली त्सेत्सेमुक्त झालं.

आपल्या देशाचा अनुभव याहून उजळ आहे. बुळकांडीने एके काळी गावंच्या गावं उघडी केली. तिच्यासारख्या गुरांच्या रोगांवर संशोधन करायला इंग्रजांनी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा काढली. ती पुढे कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेली आणि तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था. बुळकांडी गवे, रानम्हशी, रानडुकरं सगळ्यांना होत असे. तरी ती संपली ती गावातल्या गाई-म्हशींना लस टोचून. भारतातली शेवटची साथ १९९५ ची. २००६ साली देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जग. गुरांमधला रोग थांबला तसा रानातलाही आपोआप विझला.

म्हणजे रोग बऱ्याचदा गावातून रानात जातो. आमच्या छत्तीसगडचा राज्यप्राणी रानम्हैस. उदंती-सीतानदीच्या रानात ती मोजकीच उरली आहे. चरायला घुसलेल्या गुरांच्या लाळ्या-खुरकुतीपासून तिला जपावं लागतं. अभयारण्याच्या आत आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या गुरांना लस टोचायची तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३३-अ म्हणून आहे, ती यासाठीच. डुकरांसाठी तारेत वीज सोडणाऱ्याला मी हात जोडून सांगते की त्या तारेने रोग जात नाही, शेजाऱ्याचा पोरगा जातो.

८. जे जीव आपलं काम करतात त्यांना जगू द्या

नांगरामागे आणि गुरांमागे फिरणारे ढोरबगळे, पाठीवर बसणारी मैना, कोतवाल, अंगणातल्या कोंबड्या आणि लाल मुंग्या हे सगळे माश्या आणि गोचिड्या टिपतात. कोठ्याशेजारी चार गावरान कोंबड्या असल्या की खाली पडलेली मादी अंडी घालण्याआधीच संपते. सरसकट विष मारलं तर आधी हेच जातात.

गिधाडांचं उदाहरण डोळ्यांसमोरचं आहे. गुरांना वेदनेसाठी दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहतं आणि ते खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं, हे २००४ साली उघड झालं. तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. गुरांसाठी त्यावर बंदी आली ती २००६ साली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवर २०२३ साली आली. गिधाडं काही वेळात सांगाडा लख्ख करत. ती गेल्यावर मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली आणि त्यांच्यासोबत पिसाळण्याचा धोकाही वाढला. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाला मी सांगत आले की वेदनेसाठी मेलॉक्झिकॅम लिही. त्याने गाईला आराम पडतो आणि गिधाडालाही धोका होत नाही.

९. मेलेलं जनावर ही गावाची जबाबदारी आहे

शिवारात टाकलेलं मढं म्हणजे कुत्री, कोल्हे आणि माश्या यांना आमंत्रण. फाशीचा रोग असेल, म्हणजे जनावर एकाएकी मेलं असेल आणि नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त येत असेल, तर त्याला चिरू नये आणि त्याची कातडी काढू नये. उघडं पडलं की त्याचे जंतू मातीत कवच धरून दशकानुदशकं राहतात. माणूसभर खोल खड्डा खणावा, मढ्याखाली-वर चुना टाकावा, वर दगड रचावेत. प्रत्येक गावाने नाल्यापासून आणि विहिरीपासून दूर अशी एक जागा ठरवून ठेवावी. मढं पडल्यावर जागा शोधायला लागलं की भांडणं होतात आणि शेवटी ते नाल्यातच जातं. पेंढ-कोंड्याची उघडी पोती हेही उंदरांना आमंत्रणच. ती जमिनीपासून उचलून पत्र्याच्या पेटीत ठेवावीत, कारण उंदराच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस गाईला होतो आणि तिच्यामार्फत माणसालाही.

१०. संकरित गाय आणाल तर राखण दुप्पट करा

दुर्ग-रायपूरच्या मैदानातली आमची कोसली गाय लहान, तांबूस, दुधाला थोडी. पण गोचीड तिच्यावर कमी ठरते आणि थायलेरियाने ती क्वचितच मरते. जर्सी आणि होल्स्टीनचं रक्त जितकं जास्त तितका हा रोग जिवावर बेततो. दुधासाठी संकरित गाय आणण्यात काही वावगं नाही. पण तिच्यासोबत भेगा नसलेला गोठा, कालवडीला थायलेरियाची लस आणि रोजची तपासणी आली. कर्ज गाईसाठी काढता, तर त्यातले थोडे भिंतीसाठी ठेवा.

११. एका घराने करून भागत नाही

ही सगळ्यात मोठी शिकवण. आमच्या गावांत सकाळी पहटिया, म्हणजे गावचा गुराखी, घरोघरची गुरं सोडून दैहानात गोळा करतो आणि एकत्र चरायला नेतो. तुम्ही तुमची गाय कितीही निर्मळ ठेवा, शेजाऱ्याच्या बैलावरून पडलेली मादी त्याच कुरणात अंडी घालते. अमेरिकेने १९०६ साली गोचीड हटवायला घेतली तेव्हा आजारी-निरोगी असा फरक न करता त्या भागातलं प्रत्येक जनावर ठरावीक दिवसांनी औषधाच्या हौदातून काढलं. ते काम १९४३ पर्यंत चाललं आणि मेक्सिकोच्या सीमेवर पहारा आजही आहे. गोचीड एकदा मारून संपत नाही.

आपल्याकडे एकाच दिवशी सगळ्या गावाने गुरांकडे पाहण्याची रीत मुळातच आहे. हरेलीला दारावर कडुलिंबाच्या डहाळ्या लागतात, राऊत गुरांना रानातल्या मुळ्यांचा काढा देतात, मिठाची लोंदी खाऊ घालतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि रोगराई, डास, ढेकूण घेऊन जा असं तिला सांगितलं जातं. रोग आणि कीड यांना आपल्या पूर्वजांनी एका ओळीत बसवलं होतं. याच सणांना काम जोडावं. उन्हाळ्यात भेगा बुजवून चुना द्यायचा, हरेलीच्या आधल्या आठवड्यात सगळ्या गावाने एकाच दिवशी फवारायचं, तीन आठवड्यांनी दुसरी पाळी द्यायची, पोळ्याला बैल धुताना पुन्हा तपासायचं आणि दिवाळीनंतर थंडी पडली की लसीकरण उरकायचं.

लाळ्या-खुरकुतीची लस सरकार फुकट टोचतं. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा तो भाग आहे. डॉक्टर येतील, लस येईल, पण भेगा बुजवायला आणि शेण उचलायला कोणी बाहेरून येणार नाही. ग्रामसभेत या कामाचा ठराव करा, पहटियाला त्यात मानाने घ्या, बचत गटाकडे औषधाचं मापक आणि पंप ठेवा, आणि पहिला फवारा गावातल्या सगळ्यात गरीब घराच्या गाईवर मारा. तिची गोचीड गेली तरच बाकीच्यांची जाईल.